आपण कोण?

मागच्या महिन्यात एका इंग्रजी अहवालाचा अनुवाद करताना एका अगदी साध्या वाक्यापाशी माझं गाडं अडलं. मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या एका संस्थेचा अहवाल होता, आणि वाक्याचा आशय एवढाच, की मुलांच्या बाबतीत 'वुई' कमी पडलो. आता हे 'वुई' मराठीत कसं आणायचं? 'आम्ही कमी पडलो' लिहिलं, तर संस्थेने जाहीर कबुली दिल्यासारखं होतं. 'आपण कमी पडलो' लिहिलं, तर अहवाल हातात घेतलेले सरपंच, अंगणवाडीताई, आईबाप असे सगळेच पिंजऱ्यात उभे राहतात. शेवटी मी फोन लावला.

"इथे वुई म्हणजे नक्की कोण?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "वुई म्हणजे... जनरल वुई."

"मराठीत जनरल वुई नसतं हो."

"मग तुम्हाला योग्य वाटेल ते घाला ना."

मी म्हटलं, ते माझ्या अधिकारात नाही. कोण कमी पडलं हे मी कशी ठरवणार? दोन दिवसांनी ईमेल आला, की ते वाक्यच गाळून टाका.

गेली वीसेक वर्षं मी अनुवादावर पोट भरते आहे. या धंद्यात शब्द अडला तर कोश असतात, जाणकार असतात, आणि अगदीच काही जमलं नाही तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून मोकळं होता येतं. सर्वनामाला मात्र अशी पळवाट नाही. इंग्रजी 'वुई'च्या पोटात मराठीची दोन माणसं राहतात. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझे लोक, ऐकणारा सोडून. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यालाही धरून. एकदा तोंड उघडलं, की समोरचा आत की बाहेर हे त्याच वाक्यात सांगून मोकळं व्हावं लागतं. "आम्ही सिनेमाला चाललोय" हे ऐकल्यावर पाहुणा घरी बसतो, "आपण सिनेमाला चाललोय" ऐकल्यावर चपला घालतो. चार वर्षांच्या पोरालाही हे कळतं. मला वाटतं, मूल जातपात, घराणं, गाव, पक्ष हे सगळं शिकण्याच्या खूप आधी ही रेघ ओढायला शिकतं.

रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1959 सालच्या अनुवादावरच्या लेखात म्हटलं होतं, की भाषाभाषांतला खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नसतो, त्या काय सांगायला भाग पाडतात यात असतो. भाषेने माणसाचे विचार ठरतात वगैरे मोठ्या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला आपला आणि परका कळत नाही, असं थोडंच आहे? पण त्याला ते लपवता येतं. मराठी माणसाला लपवता येत नाही, निदान सहजासहजी नाही. सहजासहजी का म्हणते, ते पुढे येईल.

हा भेद आपल्याकडे आला कुठून? संस्कृतमध्ये तो नाही, तिथे एकच 'वयम्'. हिंदीत एकच 'हम', फक्त भोपाळ-इंदूरकडच्या बोलण्यात 'अपन' ऐकू येतं. गुजरातीत मात्र आहे, 'अमे' आणि 'आपणे'. तमिळमध्ये 'नांगळ' आणि 'नाम', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनम्'. त्यामुळे हा भेद मराठीत द्राविड भाषांच्या शेजारातून आला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे आपली सख्खी शेजारीण कन्नड द्राविड असूनही आज बोलण्यात एकाच 'नावु'वर भागवते. देणाऱ्याच्या घरातून वस्तू गेली आणि घेणाऱ्याच्या घरात ती रोज वापरात आहे, असे प्रकार भाषांत होतात. सीमाप्रश्नावर घसा कोरडा करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी यावर एकदा विचार करायला हरकत नाही. ज्या 'आम्ही'साठी ते भांडतात तो वेगळा पाडण्याची सोयच बहुधा पलीकडच्या घराण्यातून आलेली आहे.

हा फरक जगात आणखी शेकडो भाषांत आहे. युरोपी माणसाच्या लेखी तो पहिल्यांदा नोंदला दोमिंगो दे सांतो तोमास या स्पॅनिश धर्मोपदेशकाने, पेरूमधल्या केचुआ भाषेच्या 1560 साली छापलेल्या व्याकरणात. प्रार्थना भाषांतरायला बसल्यावर या मंडळींची काय तारांबळ उडाली असेल, हे मी समजू शकते. 'आमच्या पित्या' म्हणायचं की 'आपल्या पित्या'? देवाशीच बोलताय, तेव्हा 'आपला' म्हटलं तर देवाचाही कुणी बाप निघतो. आणि पुढे पापांची क्षमा मागताना 'आपली पापं' म्हटलं, तर देवही गुन्ह्यात भागीदार. केचुआत त्यांनी ऐकणाऱ्याला वगळणारं रूप घेतलं. मराठी बायबलातही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' असंच आहे. कधी कधी समोरच्याला बाहेर ठेवणं हाच आदर असतो.

देशांनाही हा पेच पडतो. इंडोनेशियाच्या भाषेत वगळणारा 'कामी' आहे आणि सामावणारा 'किता'. 17 ऑगस्ट 1945 ला स्वातंत्र्याची घोषणा झाली ती 'कामी'ने सुरू होते. आम्ही इंडोनेशियाचे लोक. कारण ऐकणारं जग होतं, आणि त्या जगात कालपर्यंतचे मालकही होते. याउलट 1980 मध्ये स्वतंत्र झालेल्या वानुआतूच्या राष्ट्रगीताची सुरुवातच 'युमी, युमी, युमी' अशी आहे. इंग्रजीतले 'यू' आणि 'मी' जोडून बनलेला हा शब्द. ज्या भाषेत हा भेद नाही तिचेच दोन तुकडे जोडून त्या बेटांवरच्या लोकांनी आपल्याला हवा तो 'आपण' घडवून घेतला, याचं मला फार कौतुक आहे.

आणि आपली उद्देशिका? 'आम्ही, भारताचे लोक'. शाळेत शेकडो वेळा म्हटली, पण ती 'आम्ही' आहे हे माझ्या लक्षात आलं ते पार चाळिशीत. गुजरातीतही 'अमे'च आहे. तमिळ पाठात मात्र 'नाम' आहे, म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. एकच संविधान, एकच वाक्य, आणि तमिळ वाचकाला ते आत बसवून सांगितलं जातं, मराठी वाचकाला समोर उभं करून. कुठलं बरोबर? मी यावर बराच काथ्याकूट केला आहे. वाक्याच्या शेवटी आपण हे संविधान 'स्वतःप्रत' अर्पण करतो. देणारे आपणच, घेणारेही आपणच. म्हणजे खोलीत परका कुणी नाही, तेव्हा 'आपण' हवं. पण 26 नोव्हेंबर 1949 ला हे वाक्य स्वीकारलं गेलं, तेव्हा ऐकणारे केवळ घरचे नव्हते. इंग्रज ऐकत होते, संस्थानिक ऐकत होते, आणि ज्यांना या देशात कधीच कुणी 'लोक' म्हणून मोजलं नव्हतं ते पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलत होते. त्या तोंडी 'आम्ही'च शोभतं. 'आम्ही'त एक ताठपणा आहे. 'आपण' म्हणायला आधी समोरच्याने जागा दिलेली असावी लागते.

इथे मला माझाच एक जुना समज दुरुस्त करावा लागतो. पूर्वी मला वाटायचं, की 'आपण' चांगला आणि 'आम्ही' वाईट. एक मिठी मारतो, दुसरा दार लावतो. भाषेवरच्या भाषणांत हे वाक्य टाळ्याही मिळवतं. पण 'आपल्यातले' हा शब्द आठवून पाहा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी आणि एक मैत्रीण भाड्याची खोली शोधत फिरत होतो. एका घरी मालकीणबाईंनी पाणी दिलं, नावगाव विचारलं. माझं आडनाव ऐकल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. "असं होय, म्हणजे आपल्यातलेच तुम्ही." मग मैत्रिणीकडे वळून, "आणि तुमचं?" तिने सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं." बस, इतकंच. आवाज चढला नाही, वाकडा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की खोली भाच्याला द्यायची ठरली आहे, पण तुम्ही एकट्या असाल तर बघू. जिना उतरताना मैत्रीण म्हणाली होती, "आटोपलं का तुमचं आपल्यातलं?" मी हसले होते. त्या प्रश्नाचा मला तेव्हा त्रास झाला नव्हता, कारण उत्तर 'हो' होतं. त्रास व्हायला बरीच वर्षं गेली.

त्या खोलीत 'आपण'च उच्चारलं गेलं होतं. ऐकणाऱ्या दोघी होत्या आणि 'आपण'ने त्यांतल्या एकीलाच उचललं. म्हणूनच 1989 मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवर पुस्तक केलं, त्याचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे नाव मला इतकं नेमकं वाटतं. सगळं वजन त्या 'ही'वर आहे. 'आपण इतिहास घडवला' असं जेव्हा जेव्हा म्हटलं गेलं, तेव्हा त्या 'आपण'मध्ये कोण नव्हतं, हे दाखवायला 'आम्ही'च लागतो.

राजकारणातल्या माणसांना सर्वनामं शिकवावी लागत नाहीत. सरकारी सेवांच्या संकेतस्थळाचं नाव 'आपले सरकार' असतं, निवडणुकीच्या फलकावर 'आपला माणूस' असतो, आणि मुंबईवर हक्क सांगायचा तर ती 'आमची मुंबई' होते. 'आपली मुंबई' आणि 'आमची मुंबई' यांत दोन अक्षरांच्या फरकाचं राजकारण आहे. 'आमची' म्हटलं, की ती ऐकणाऱ्याची नसते, आणि ते त्यालाच ऐकवायचं असतं. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत मात्र हे सर्वनाम नव्हतंच. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' कुणाचा, ते सांगितलेलं नाही. 1956 मध्ये जी समिती झाली तिच्यात कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष असे एकमेकांचं तोंड न पाहणारे एकत्र बसले होते. त्यांना 'आपण' म्हणवलं नसतं आणि 'आम्ही' कुणाच्या वतीने म्हणायचं यावरच बैठक मोडली असती. सर्वनाम नसलेलं ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. घोषणा करणाऱ्यांनी हा विचार केला होता असं माझं म्हणणं नाही. कानाला जे बरोबर लागतं त्यात असे हिशेब असतात.

आता मघाची 'सहजासहजी'. 'आपण'च्या मुळाशी आहे संस्कृतचा 'आत्मन्', प्राकृतातून 'अप्पण' होऊन आलेला. म्हणजे मूळ अर्थ 'स्वतः'. तुकोबांच्या 'आम्ही जातो आपुल्या गावा'मधलं 'आपुल्या' ते हेच, स्वतःच्या. या एकाच शब्दातून मराठीने तीन कामं काढली. 'आपण होऊन आला' मधला स्वतः, 'आपण जाऊ या' मधला सगळे मिळून, आणि 'आपण कधी आलात?' मधला आदरार्थी तुम्ही. त्यामुळे फोनवर कुणी अदबीने "आपण कोण?" असं विचारलं, की माझ्यातली अनुवादक दचकते. हे तुम्ही कोण असं विचारताय, की एकूण आपण सगळे कोण असं? दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

एरवी क्रियापद मदतीला येतं. 'आपण जातो' म्हणजे सगळे, 'आपण जाता' म्हणजे तुम्ही. 'आपण आलो', 'आपण आलात'. घोटाळ्याला जागा नाही. पण सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं, की ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. 'आपण हे काम केलं.' कुणी? आपण सगळ्यांनी, की तुम्ही? काळजीने बोलणारा 'केलंत' म्हणून एक 'त' चिकटवतो, पण भाषणात आणि कागदावर तो 'त' हमखास गळतो. तसंच 'पाहिजे'चं. 'आपण हे काम केलं पाहिजे.' इथे तर 'त'चीही सोय नाही. म्हणजे श्रेय कुणाचं आणि जबाबदारी कुणाची, या नेमक्या दोन ठिकाणी मराठी व्याकरण डोळे मिटतं. मला वाटतं, मराठी सार्वजनिक जीवनाचा अर्धा कारभार या दोन फटींतून चालतो.

खोटं वाटत असेल तर सोसायटीच्या सभेत बसा. "आपण पाण्याच्या टाकीचं बघितलं पाहिजे," असं अध्यक्ष म्हणतात आणि सचिवांकडे बघतात. सचिव मान डोलावतात, "हो, आपण बघितलंच पाहिजे," आणि खजिनदारांकडे बघतात. वर्षभर टाकी तशीच. टाकी दुरुस्त झाली, की अहवालात येतं, "या वर्षी आम्ही टाकीचं काम मार्गी लावलं." ऑफिसातही तेच. "आपण हे उद्यापर्यंत संपवू या," असं साहेब म्हणाले, की संपवणारा एकटा कोण, हे त्याला बरोबर कळतं. डॉक्टर "आपण एक छोटं ऑपरेशन करू" म्हणतात, तेव्हा सुरी एकाच्या हातात असते आणि पोट दुसऱ्याचं. हा 'आपण' मायेचाही असतो, नाही असं नाही. पण माया आणि हुकूम एकाच शब्दात ठेवायची सोय फार थोड्या भाषांनी इतकी बेमालूम केली असेल.

माझ्या स्वतःच्या आयुष्यातला 'आम्ही' मला माझ्या आईने दाखवला. तिने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे माणसं काय बोलतात याइतकंच कसं बोलतात याकडे तिचे कान असतात. लग्नाला चारेक महिने झाले होते. फोनवर तिने विचारलं, आज काय केलंस? मी म्हटलं, आमटी-भात, पण आमच्याकडे आमटीत गूळ चालत नाही.

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग ती शांतपणे म्हणाली, "बरं. तुमच्याकडे काय काय चालतं ते एकदा सांगून ठेव."

मला आधी कळलंच नाही काय झालं. फोन ठेवल्यावर कळलं. पंचवीस वर्षं मी तिच्याशी बोलताना 'आपल्याकडे' म्हणत आले होते. त्या दिवशी तिला पहिल्यांदा 'आम्ही'च्या बाहेर ठेवलं, तेही गुळावरून. आणि सासरी काय? तिथे त्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, "आमच्याकडे गौरी खड्यांच्या असतात," तेव्हा सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, "आता 'आमच्याकडे' म्हणजे हे गं." म्हणजे माहेरी बोलताना 'आमच्याकडे' सासर, सासरी बोलताना 'आमच्याकडे' माहेर. दोन्ही घरांत मी दुसऱ्या घराची प्रतिनिधी. 'आपल्याकडे' म्हणायला घरच उरलं नव्हतं. ज्या बायकांशी मी हे बोलले त्यांतल्या बहुतेकींनी मान हलवली. एकीने सांगितलं, की तिला सासरी 'आपल्याकडे' म्हणायला अकरा वर्षं लागली, आणि म्हटलं तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुरुषांना विचारलं तर त्यांना प्रश्नच नीट समजत नव्हता. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांचं सर्वनाम कधी हललेलंच नाही.

गेल्या वर्षीपासून आई माझ्याकडे राहते. पहिले काही दिवस "तुमच्याकडे चहाची साखर कुठे ठेवतात?" असं चाललं होतं. मी लक्ष ठेवून होते, पण तिला ते कळलं असावं, म्हणून मी लक्ष द्यायचं सोडलं. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला ती टाळाटाळ करते. परवा रात्री जेवणानंतर मी पाण्याचा पेला आणि गोळीची पट्टी घेऊन तिच्यापुढे उभी राहिले, आणि लहानपणी ती मला ज्या सुरात म्हणायची त्याच सुरात म्हटलं, "चला, आता आपण गोळी घेऊ या."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तूही घेणार आहेस का?"

"नाही."

"मग 'तू गोळी घे' म्हण," ती म्हणाली, आणि पट्टी हातातून काढून घेतली.